वखारीतला जबाब

इंदूचं नाव घरात काढायचं नाही, हा बबनरावांचा हुकूम होता. सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर पांढऱ्या कपाळानं माहेरी राबत होती तोवर सगळ्यांची लाडकी होती. मग आळंदीतल्या एका पखवाज मढवणाऱ्याशी तिनं पाट लावला, आणि त्या दिवसापासून ती मेली असं धरून चालायचं ठरलं. बोलण्यात आलीच तर 'तिकडची' म्हणायचं. परसातली चिंच तिनं लहानपणी लावलेली, म्हणून बबनराव तिलासुद्धा 'मागचं झाड' म्हणत. चिंचा मात्र खात.

म्हणून त्या रविवारी सकाळी कांद्याच्या वखारीत सोनबानं ते नाव घेतलं, तेव्हा पहिला हात बबनरावांचाच उठला.

सोनबा त्यांच्याकडं पोती शिवायचा. दुष्काळात उस्मानाबादकडून आला तो चाकणलाच राहिला, आणि ऐंशी साल उजाडलं तरी त्याच वखारीत दाभण चालवत होता. काल बाजाराच्या दुपारपासून बबनरावांची नात चिमी दिसेनाशी झाली होती. दुसरीतली पोर. रात्रभर बॅटऱ्या घेऊन सगळ्यांनी गाव पालथं घातलं, किल्ल्याचा खंदकसुद्धा सोडला नाही. उजाडता उजाडता तिच्या चपला सापडल्या त्या सोनबाच्या पोत्यांखाली. आणि काल मालाच्या ट्रकबरोबर पुण्याला गेलेला सोनबा नुकताच परतून म्हणत होता, मी तिला आळंदीच्या गाडीत बसवलं.

"कुनाकडं म्हनलास?" गाल चोळणाऱ्या सोनबाला बबनरावांनी पुन्हा विचारलं.

"इंदूबाईकडं, मालक. आजीनं धाडलंय म्हनलं लेकरू. म्हनून कंडक्टरच्या बाजूला बसविलो. चपला पोत्यावर चढताना काढली असंल, मला काय ठाव."

"माझ्या नातीला त्ये नाव म्हायतीच न्हाई! तुला कुनी शिकवलं ह्ये?"

बबनरावांचा हिशेब सरळ होता. चिमीला ते नाव ठाऊक असायचं कारण नाही. म्हणजे सोनबा खोटं बोलतोय. खोटं बोलतोय म्हणजे त्यानं काहीतरी केलंय. हिशेब इतका सरळ होता की शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला, विलासलासुद्धा त्यात खोट दिसली नाही, आणि विलास तर पोरीचा बाप.

मालोजी पुण्याहून पहिल्या एसटीनं आला तो थेट वखारीतच. बबनरावांचा धाकटा भाऊ, पुण्यात पोलीस जमादार. गावात या घराला जो मान होता त्यातला निम्मा कांद्याचा आणि निम्मा मालोजीच्या वर्दीचा. आज तो लेंगा-सदऱ्यावर होता, पण त्याला बघून वखारीतले दोन हमाल सवयीनं बाजूला सरकले.

"बरं झालं आलास," बबनराव म्हणाले. "आता तू बघ ह्येच्याकडं."

"काय बघू, दादा?"

"तुमी लोकं करता तसं. तुला काय नव्यानं शिकवायचं?"

मालोजीनं सोनबाकडं बघितलं. तो खांबाला टेकून बसला होता. हात त्याच्याच सुतळीनं बांधलेले. त्याच्यासारखी माणसं मालोजीनं पुष्कळ बघितली होती, पण ती ठाण्यात. इथं तर लहानपणी तो लपाछपी खेळला होता.

"ठान्यात नेऊ त्येला," तो म्हणाला. "मी फौजदारांशी बोलतो."

"न्हाई," विलास म्हणाला. "ठान्यात न्हाई न्यायचं."

"का रं?"

"नाना, तिथं त्येला मारतील."

"आनि हितं काय आपण त्येची आरती करनार हाय?"

विलास खालच्या आवाजात म्हणाला, "तिथं मारतील, जबाब लिहून घेतील, अंगठा घेतील आनि चहा प्यायला जातील. पोरीला हुडकायला कोन जानार न्हाई. मी बघून आलोय ठान्यातलं."

ते खरं होतं. गेल्या साली आकुर्डीच्या कारखान्यात संप झाला, गेटवर दगडफेक झाली आणि विलासला घरातून उचलून नेलं. दगड तू मारलास, हे त्याच्याकडून वदवून घेतलं. तेव्हापासून तळपायांना घट्ट बूट सहन होत नव्हते, नोकरी गेली ती गेलीच. चिमीला आजीकडं ठेवलं ते तेव्हापासूनच. विलासनं तिथल्या फौजदारावर पुण्याच्या कोर्टात फिर्याद केली होती, आणि उद्या सोमवारी त्याची साक्ष होती. त्यासाठीच तो आणि त्याची बायको कस्तुरा काल संध्याकाळी पोरीला भेटून पुढं जायला, आणि परतताना तिला आकुर्डीला न्यायला म्हणून आले. आले तर पोरच नाही.

मालोजी त्या ठाण्यातला नव्हता. पण पुतण्या आत असताना त्यानं एक फोनही केला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे इतकंच.

"मी वर्दीत न्हाई आज," मालोजी म्हणाला. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

दारात कस्तुरा येऊन उभी होती. रात्रभर हाका मारून तिचा आवाज बसला होता. वर्षभर तिनं नवऱ्याचे पाय मिठाच्या पाण्यात शेकले होते, आणि शेकताना प्रत्येक वेळी त्या फौजदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. ती आत आली आणि मालोजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"नाना, तुमाला येतंय न्हवं त्ये? मग करा की. पाया पडते तुमच्या. माझी पोर कुटं हाय त्येवढं काढा त्येच्याकडनं."

तीस जणांच्या शिव्या मालोजीनं एका दमात पचवल्या असत्या, पण हे पचेना. तो पाय सोडवून बाहेर गेला आणि पायरीवर बसला. आपण नाही म्हणालो ते शहाणपणानं की भित्रेपणानं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

वखारीच्या खुंटीला इंजिनाचा जुना पट्टा टांगलेला होता. तो विलासनं कधी काढला हे त्याला नंतर आठवेना. एवढंच आठवत होतं की पट्टा हातात जड लागला आणि वाटलं, बरं झालं, काहीतरी करता येतंय. रात्रभर काही करता येत नव्हतं.

"चिमी कुटं हाय?"

"आळंदीला, मालक. देवाशप्पथ."

पट्टा खांद्यावर बसला. मग पाठीवर. मग सोनबानं तोंड वळवलं आणि गालावर बसला, आणि ओठातून रक्त आलं.

मालोजी धावत आत आला. "आरं, त्वांडावर नगं! डोक्याला लागंल, मरंल त्यो! पाय. तळवं, तळवं."

तो हे जीव वाचवायला म्हणाला. खरंच त्यासाठी म्हणाला. पण तोंडून शब्द गेले आणि वखारीत सगळे थांबले. विलासनं वळून काकाकडं बघितलं. त्याच्या स्वतःच्या तळपायात कळ गेली, काल झालं असावं तशी. त्यालाही तेव्हा कुणीतरी असंच म्हटलं होतं: तोंडावर नको, तळवे. तेव्हा त्याला तो माणूस त्यातल्या त्यात दयाळू वाटला होता.

मग बबनरावांनी सोनबाचे पाय धरले आणि विलासनं मारलं.

स्वयंपाकघरात बबनरावांची बायको रुक्मिणीबाई चुलीपुढं बसल्या होत्या. चुलीवर काही नव्हतं. वखार घराला लागूनच, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. सोनबाचं 'इंदूबाई'ही ऐकू आलं होतं, आणि नवऱ्याची थोबाडीतही.

चिमीला ते नाव ठाऊक होतं. त्यांनीच ठाऊक करून दिलं होतं. एकादशीला देवदर्शनाच्या नावाखाली त्या पोरीला घेऊन आळंदीला जात आणि नदीवर हातपाय धुऊन सरळ इंदूच्या घरी. नणंद-भावजय दोघी मनसोक्त रडत, हसत, आणि चिमी पखवाजाला लावायची कणीक मळत बसे. पोरीला बजावलं होतं, आजोबांना सांगायचं नाही. पोरीनं कधी सांगितलं नाही. गुणाची पोर.

म्हणून त्यांनी पहाटेच शेजारच्या तानुबाईला पहिल्या गाडीनं आळंदीला धाडलं होतं, घरात माळेच्या मण्यांचं निमित्त सांगून. पोर तिथं असली तर तानुबाई घेऊन येईल. नसली तर? नसली, आणि आपण आधीच सगळं बोलून बसलो, तर पोर गेली ती गेली आणि वर आपलाही संसार गेला. नवऱ्याचा राग त्यांना माहीत होता. शिवाय एवढीशी पोर एकटी आळंदीला जाईल, हे त्यांनाच खरं वाटत नव्हतं.

पलीकडं सोनबा ओरडला. रुक्मिणीबाईंनी पदर कानावर घेतला. तानुबाई येईस्तोवर, त्या स्वतःशी म्हणाल्या. तोवर दोन फटके खाईल. एवढ्यानं काय माणूस मरत न्हाई. दोनदा उठल्या, वखारीच्या दारापर्यंत गेल्या, दोनदा परत येऊन बसल्या. आपण पाप करतोय की नातीसाठी धीर धरतोय, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा बबनरावांचा आवाज आला.

"हिरीत टाकलीस का? बोल! हिरीत टाकलीस?"

सोनबाचा आवाज आला, "व्हय."

"मळ्यातल्या?"

"व्हय, मळ्यातल्या."

कस्तुरानं जी किंकाळी फोडली ती ऐकून रुक्मिणीबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. आता सांगायला काही उरलंच नाही, असं त्यांना वाटलं. माणूस स्वतःच्या तोंडानं व्हय म्हणाला होता.

विहिरीवर गाव जमलं. गळ आणला, दोर सोडले. गळाला आधी एक फुटकी बादली आली, मग कुणाचं तरी धोतर आलं. धोतर वर येताना कस्तुरानं डोळे मिटले आणि विलासनं तिला धरलं. तिनं त्याचा हात झटकला. विलास आणि बबनराव काठावर उभे होते. मालोजी लांब आंब्याखाली. त्याचं पोलिसातलं अर्धं आयुष्य त्याला सांगत होतं की हा जबाब काही खरा नाही, 'व्हय' फार पटकन आलं, विहीर कुठली तेही दादानंच सुचवलं. पण उरलेलं अर्धं म्हणत होतं की असेच जबाब घेऊन चोरीचा माल निघालेलाही आपण पाहिलाय. मग खरं कुठलं? तो आंब्याखालून हलला नाही.

गळ चौथ्यांदा सोडला आणि बांधावरून तानुबाईची हाक आली.

"आवो, थांबवा त्ये! पोर आली! पोर हाय हितं!"

चिमी मोठ्या माणसाच्या वहाणा घालून फताक फताक चालत येत होती. हातांना वाळलेली कणीक. मागून इंदुताई. केस पांढरे झालेले, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

कस्तुरानं पळत जाऊन आधी पोरीच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला छातीशी धरून खाली बसली. चिमी रडायला लागली. आई का रडतेय आणि गाव विहिरीवर का जमलंय, हे तिला काहीच कळेना. "मी आज्जीला सांगून न्हाई गेले," ती हुंदके देत म्हणाली. "आय-बाबा मला आकुर्डीला न्हेनार हुते. मग पखवाजवाली आज्जी भेटली नसती."

"मला वाटलं, वैनीनंच धाडलीया," इंदुताई म्हणाली. "म्हनून रातच्याला ठिवून घेतली. मला आत याया बंदी, न्हाईतर कालच आनून सोडली असती." मग तिनं आजूबाजूला बघितलं. "सोनबा कुटं हाय? लई भला मानूस. कंडक्टरला बजावून धाडलं की लेकरू इंदूबाईच्याच हातात द्यायचं म्हनून."

बबनरावांनी टोपी काढली, परत घातली. गळाचा दोर धरणारा हमाल दोर सोडून निघून गेला.

घरी ओसरीवर सगळे बसले तेव्हा ऊन उतरलं होतं. सोनबाला सोडवून पोत्यांवर निजवलं होतं. तो छताकडं बघत होता. इंदुताई अंगणात उभी होती. तिला आत ये असं कुणी म्हणेना आणि जा असंही कुणी म्हणेना.

"तुला म्हायती हुतं?" बबनरावांनी बायकोला विचारलं. "माझ्या माघारी नेत हुतीस? आनि सकाळधरनं तोंड शिवून बसलीस?"

"बोलले असते तर तुमी मला मारलं असतंत," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"म्हनून त्येला मारू दिलंस?"

"मारलं कुनी? मी मारलं?"

अडले की बबनराव आवाज चढवत. आज आवाजही चढला नाही. "आपण त्येला चार म्हैने बसून खायला घालू," ते म्हणाले. "डॉक्टर बघू. घरातलं घरात ऱ्हाईल."

"घरातलं?" इंदुताई अंगणातून म्हणाली. "त्यो कंदी घरातला झाला, दादा?"

तिचं नाव कुणी घेतलं नाही, पण तिला गप्पही कुणी केलं नाही.

विलास पायरीवर बसला होता, आपल्या दोन्ही हातांकडं बघत. वकिलांनी काल त्याची उजळणी घेतली होती. समोरचा वकील विचारील, दगड मारले नव्हते तर कबूल का केलंत? त्यावर विलास म्हणाला होता, "साहेब, तेव्हा मला माझं नाव विचारलं असतं तरी मी आधी फौजदाराच्या तोंडाकडं बघितलं असतं." वकील खूश झाले होते. हेच बोला, असंच बोला.

"नाना," विलासनं विचारलं, "उद्या मी कोर्टात जाऊ का?"

मालोजीनं तपकिरीची डबी हातात नुसती फिरवली. "तुझ्या वकिलानं फौजदाराला कुठलं कलम लावलंय?"

"तीनशे तीस. कबुलीसाठी मारहाण."

"त्या कलमात पोलीस असा शब्द न्हाई. 'जो कोणी' असं हाय. जो कोणी असं करील त्येला सात वर्सं. आमाला शिकवताना सायब म्हनायचा, ह्ये आपल्यासाठी केलंय. आज ध्यानात आलं, सगळ्यांसाठीच केलंय."

"मग त्यानं मला मारलं आनि मी ह्येला मारलं, सारखंच?"

"सारखं कसं? तुझी पोर हरवलीवती."

"त्यो बी म्हनंल, गेटवर मानसं मरत हुती."

मालोजीला स्वतःलाच कळत नव्हतं की पुतण्याची बाजू घ्यायची तर आता कुठली घ्यायची. वर्षभर हा पोरगा त्याच्याशी बोलला नव्हता, आणि आज बोलत होता तो अशा वेळी.

आतून कस्तुरा आली. चिमी तिच्या कडेवर झोपली होती. "तुमी कायबी म्हना," ती म्हणाली. "मला त्या बिचाऱ्याकडं बघवत न्हाई. पर उद्या परत पोर हरवली तर मी परत तसंच म्हनीन. ह्ये खोटं कशाला सांगू? मला तुमच्या कलमाचं काय कळत न्हाई. माझं मलाच कळंना झालंय." आणि ती एकदम रडायला लागली, पोर उठेल म्हणून आवाज न करता.

विलास उठला. "मी त्येला घिऊन ठान्यात जातो. माझ्या नावानं फिर्याद देऊ दे त्येला. मग उद्या कोर्टात उभा ऱ्हाईन."

"खुळा झालास?" बबनराव ओरडले.

"जाऊ द्या त्येला," रुक्मिणीबाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या स्पष्ट बोलल्या, आणि बोलून पदराआड झाल्या. मालोजी उठून सोनबाला न्यायला सायकलीचं कुलूप काढायला गेला. थोरल्या भावाच्या विरुद्ध तो आयुष्यात कधी उठला नव्हता.

वखारीत संध्याकाळचं तिरपं ऊन आलं होतं. विलास सोनबाजवळ उकिडवा बसला. तळवे सुजून काळेनिळे झाले होते. विलासनं त्यांना हात लावला नाही. कसे दुखतात ते त्याला माहीत होतं.

"सोनबा, आपण ठान्यात जाऊ. माझ्यावर केस कर."

सोनबा अंग आकसून भिंतीला चिकटला. "ठान्यात नका नेऊ, मालक. तिथं पुन्हा मारतेत."

सकाळी विलासनं स्वतः नेमकं हेच म्हटलं होतं, याच वखारीत, हाच माणूस बांधलेला असताना.

"बरं. ठान्यात न्हाई. आधी डॉक्टरकडं. त्यो विचारील, म्हनून मला सांग, कुटं कुटं दुखतंय?"

सोनबा विलासच्या तोंडाकडं बघत राहिला. डोळे, कपाळ, ओठ, सगळं निरखून, काहीतरी शोधत असल्यासारखा.

"सोनबा, कुटं दुखतंय रं?"

"तुमी सांगा, मालक," सोनबा म्हणाला. "तुमी म्हनाल तिथं."